बाईसाठी नव्वद दिवस

११ नोव्हेंबर २०१३, सोमवार

सकाळपासून एकही नाही. आता संध्याकाळचे सहा वाजले. डोकं गच्च झालं आहे, बोटांना काही सुचत नाही, म्हणून पेन धरलं.

शनिवारी नागपूरच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. म्हणाले, तुमची किडनी उत्तम आहे, बहिणीच्या रक्ताशी जुळते. मग छातीचा फोटो उजेडात धरला आणि किती वर्षांपासून सिगारेट ओढता विचारलं. तीस, म्हटलं. दिवसाला? पंधरा. (वीस आहेत.) ते म्हणाले, "या छातीला मी भूल देणार नाही. नव्वद दिवस एकही नको. मग या."

एकही नको!

भाऊजी, म्हणजे बाईचे, माझ्या बहिणीचे नवरे, बाजूच्याच खुर्चीवर होते. त्यांचाही रक्तगट बाईचाच. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं. भाऊजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चाळीस वर्साची बिडी आहे, साहेब. माह्याच्यानं नाही सुटत."

स्वतःच्या बायकोसाठी बिडी सुटत नाही! गाडीत गोंदियापर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

मी सोडून दाखवतो.

१३ नोव्हेंबर

जागेश्वरच्या पानठेल्यापुढे सायकल थांबली की तो न विचारता माझं पाकीट काढून ठेवतो. एवढ्या वर्षांची सवय. आज सांगितलं, काढू नको. तो हसला. "चार दिवसांनं येशील."

१६ नोव्हेंबर

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट आपटलं. मीठ बरोबर होतं. बायकोने, रंजिताने, सांडलेला भात गोळा केला आणि म्हणाली, "बाईले किडनी द्याची आहे न? मंग माहा जीव काऊन घेऊन राहिले?"

पोरगी खुशी पुस्तक घेऊन शेजारी निघून गेली. माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

१७ नोव्हेंबर

मागितली. दोघींची.

२४ नोव्हेंबर, रविवार

चौदा दिवस. बिरसीला बाईकडे जाऊन आलो. आठवड्यातून दोनदा तिला गोंदियाला नेऊन डायलिसिसच्या मशीनवर चार तास झोपवतात. हाताची शीर दोरखंडासारखी फुगली आहे. तरी मला पाहिल्याबरोबर चूल पेटवायला उठली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सुलोचना. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, ती पंधराची. लग्न होऊन बिरसीला आली तर मला कडेवर घेऊनच आली. तिला मूल झालं नाही. लोक मलाच, खुशालला, तिचा पोरगा म्हणायचे. भर दुपारी ओसरीत बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता नि तंबाखू. त्या बिड्यांवर मी मॅट्रिक झालो, पोस्टात लागलो. आणि तेरा वर्षांचा असताना पहिली बिडी ओढली ती त्याच सुपातली. चोरून, गोठ्यामागे.

आज तिला हे सांगितलं. तिला ठाऊक होतं. म्हणाली, रोज मोजणीत एक कमी यायची, तिला वाटायचं उंदीर नेतो.

भाऊजी बांधावर बसून बिडी ओढत होते. वरून विमानशाळेचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. मी त्यांच्याजवळून गेलो. छाती जरा जास्तच फुगवून गेलो असेन.

६ डिसेंबर

विहारात अभिवादन. पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला इतकी वर्षं माझा आवाज आपोआप खाली यायचा. खिशात पाकीट असायचं. आज मोठ्याने म्हटलं. रंजिताने वळून पाहिलं.

१२ डिसेंबर

वास आला!

महागावच्या वाटेवर, सायकलवर. आधी कळेना कसला. धानाच्या गंजीचा होता. दवाने भिजलेल्या तणसाचा. इतक्या वर्षांत या वाटेला वास आहे हे मला माहीतच नव्हतं. उतरून उभा राहिलो. एक म्हातारी म्हणाली, काय हरवलं जी पोस्टमन? म्हटलं, सापडलं.

१९ डिसेंबर

तलावाच्या पाळीचा चढ आज सायकलवरून न उतरता चढलो. पिशवी भरलेली होती. वर पोचलो आणि खोकला आला नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं.

जागेश्वर आता मला पाकिटाऐवजी सोप, म्हणजे बडीशेप, देतो. म्हणाला, "आता तू मांगितली तरी मी देत नाही."

एकोणचाळीस दिवस. भाऊजींना कोणीतरी हा आकडा कळवायला हवा.

२५ डिसेंबर

पंचेचाळीस. निम्मे! पोस्टात सगळ्यांना पेढे वाटले. पोस्टमास्तर म्हणाले, माणसाने ठरवलं तर काय नाही करत.

२९ डिसेंबर, रविवार

दोन दिवस वही उघडली नाही. आता लिहितो.

शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, एक ओढली.

काही दुःख नव्हतं. कोणी आग्रहही केला नाही. उलट दिवस फार चांगला गेला होता. मनात आलं, एवढं जमलं आहे, आता एकीने काय होतं. जागेश्वरने दिली नसती म्हणून स्टेशनाकडच्या ठेल्यावर गेलो, जिथे मला कोणी फारसं ओळखत नाही. पूर्ण ओढली. शेवटपर्यंत. चांगली लागली, हेही लिहून ठेवतो.

घरी रंजिताला एका नजरेत कळलं. तिने माझं ताट वाढलं. ते जास्त लागलं.

काल नागपूरला फोन केला. न सांगता चालवता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण टेबलावर झोपणार मी, आणि शेजारच्या टेबलावर बाई. डॉक्टरांनी कोणत्या दिवशी ओढली ते विचारलं. मग म्हणाले, पुन्हा एकपासून मोजा.

आज बिरसीला जाऊन बाईला सांगितलं. भाऊजींसमोरच सांगावं लागलं, ते खाटेवर बसले होते. नव्वद भरायची आठ फेब्रुवारीची तारीख आता मार्चच्या शेवटावर गेली. माझ्यामुळे. बाई सूज आलेल्या पायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले घाई नाही. खोटं बोलून किडनी देली असती त मी घेतली नसती."

मला वाटलं भाऊजी टोमणा मारतील. त्यांच्या जागी मी असतो तर मारला असता. ते उठले आणि शेताकडे निघून गेले.

१ जानेवारी २०१४

पाचवा दिवस. पेढे नाहीत.

१४ जानेवारी

या वेळी कोणाला आकडा सांगत नाही. जागेश्वरने विचारलं, किती झाले? म्हटलं, आज नाही ओढली. उद्याचं उद्या.

पण इथे लिहितो. अठरा.

२ फेब्रुवारी, रविवार

बिरसी. भाऊजी माझ्यावर विनाकारण खेकसले. मी पाण्याचा गडवा जागेवर ठेवला नाही म्हणून. एवढं चिडताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाई म्हणाली, महिनाभरापासून असेच करून राहिले, कुत्र्यावरही चिडतात. बायको आजारी असली की माणसाचं होत असेल असं.

१८ फेब्रुवारी

बाईचं रक्त फार कमी झालं. चक्कर येऊन मशीनवरून उठताना पडली. दोन बाटल्या रक्त चढवलं. मी आणि भाऊजी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून. दोघांच्याही हातात काही नाही.

पहिला हिशोब मोडला नसता तर नव्वद भरून आज दहा दिवस झाले असते.

९ मार्च

मोहाची झाडं फुलायला लागली. वाट सगळी गोड झाली आहे. बहात्तर दिवस.

२७ मार्च, गुरुवार

नव्वद!

खरे नव्वद. एकही नाही, अर्धीही नाही. रंजिताने पुरणपोळी केली. खुशीने वहीच्या कागदावर पोस्टाचा शिक्का काढून मला दिला. मधे तारीख, भोवती "बाबा पास". माझी नोकरीची ऑर्डर आली होती तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

३१ मार्च

नागपूर. नळीत फुंकायला लावलं. फुंकलं. पुन्हा फुंका म्हणाले, पुन्हा फुंकलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. सरकारी पोस्टमनच्या हाताशी एवढ्या मोठ्या डॉक्टरने हात मिळवला!

शेवटची एक तपासणी उरली. माझं आणि बाईचं रक्त पुन्हा एकदा एकत्र करून पाहतात. नोव्हेंबरात जुळलंच होतं. नावापुरती आहे.

५ एप्रिल, शनिवार

जुळलं नाही.

रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो होतो. डॉक्टरांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून सांगितलं. बाईच्या रक्तात आता माझ्याविरुद्ध काहीतरी तयार झालं आहे. माझी किडनी लावली तर तिचं अंग ती लगेच फेकून देईल. मी विचारलं, नोव्हेंबरात तर नव्हतं? नव्हतं, म्हणाले. मधे रक्त चढवलं की असं कधी कधी होतं.

मी मनात तारखा लावल्या. आठ फेब्रुवारी. अठरा फेब्रुवारी. मधले दहा दिवस. तोंडाने बोललोही असेन, कारण ते म्हणाले, असा हिशोब करू नका. आठला नव्वद भरले असते तरी ऑपरेशन त्या दहा दिवसांत झालंच असतं असं नाही.

पण झालंही असतं.

बाहेर येऊन समोरच्या ठेल्यावर एक घेतली. बोटात धरली. माचिसही घेतली. आता कोणासाठी थांबायचं होतं? छाती स्वच्छ, किडनी स्वच्छ, आणि दोन्ही कोणाच्या कामाच्या नाहीत.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. बाईचे सुजलेले पाय दिसत होते आणि ती म्हणाली होती ते ऐकू येत होतं. सोमवारी बिरसीला जाऊन हे सांगायचं आहे. तोंडाला वास घेऊन कसा जाऊ?

परत दिली. ठेलेवाला म्हणाला, "दूसरी दूँ क्या?" नाही, म्हटलं. ही चांगलीच आहे.

६ एप्रिल

आजही नाही ओढली. कशासाठी, ते विचारू नये.

११ जून, बुधवार. नागपूर

दोन महिने लिहिलं नाही. माझं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

परवा ऑपरेशन झालं. टेबलावरच नव्या किडनीतून लघवी सुरू झाली, डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. आज बाईने डोळे उघडून पाणी मागितलं.

किडनी भाऊजींची आहे.

त्या सोमवारी मी बिरसीला सगळं सांगितलं. भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, "माही तपासून पाहा. तू चुकला अन् घरी येऊन खरं सांगतला न, त्या दिवसापासून मी बिडी नाही ओढली. कोणाले सांगतलो नाही."