आडवे, उभे, आडवे
सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

स्वतःचीच शिसारी आली आज. कॉम्प्युटरवर मी रोज लावतो त्या खेळात तीन चौकोनांची ओळ आडवी असते, मग आपोआप उभी होते, परत आडवी. शेजारी किती चौकोन आहेत, त्यावर प्रत्येक चौकोनाचं जगणं-मरणं ठरतं. तेच मी नव्या चादरीच्या काठाला काढलं: एकदा आडवे, एकदा उभे. कारखान्यात मालक चौकटीच्या कागदावरचा माझा नक्षीचा ग्राफ बघून म्हणाले, "हे उभे चुकलेत की. सगळे आडवे कर."

चुकले नव्हते! त्यातच तर जीव होता. पण शेजारच्या दोन्ही डिझायनरांनी माना डोलावल्या, आणि मीही म्हणालो, "व्हय मालक, चुकलंच." का म्हणालो?

घरी येऊन खेळ लावला. आडवे, उभे, आडवे. थू! ते निदान परत उभे तरी राहतात.