पगाराच्या फोनवरचा आवाज पुसू नये याबाबत

प्रति,
मा. मुख्य वित्त अधिकारी,
वित्त विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : अर्जदाराविरुद्ध तातडीने चौकशी सुरू करण्याबाबत.

संदर्भ : घरून काम व अखंड कामकाजासाठी वित्त विभागाने काय करावे, याबाबत सूचना मागवणारे आपले या महिन्याचे परिपत्रक.

महोदया,

१. मी पगार शाखेत एकोणतीस वर्षे नोकरीस आहे. आगीनंतर इमारत बंद होती ते अकरा महिने मी घरून काम केले. त्या अनुभवावरून माझ्या सूचना अशा : लॅपटॉपसोबत पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्यावी. वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी द्यावी. इंटरनेटच्या बिलाला तीन सह्या लागू नयेत. आणि घरी कोणी आजारी असल्यास ते सांगण्यासाठी फॉर्ममध्ये एक रकाना ठेवावा. तो असता तर पुढील मजकूर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

२. आपणांस विदित आहेच की, पगार सोडताना टोकन नावाच्या छोट्या यंत्रावरचा सहा आकडी क्रमांक मंजुरी देणाऱ्या सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवावा लागतो. तो दर मिनिटाला बदलतो. ज्याच्या नावे टोकन आहे त्यानेच तो वाचावा आणि शेवटी "वाचन पूर्ण" म्हणावे, असा नियम आहे. या फोनचे ध्वनिमुद्रण होते. टोकन माझ्या नावे होते.

३. क्रमांक मी एकदाही वाचला नाही. अकराही महिने तो माझ्या पत्नीने वाचला. माझे डोळे अधू झाले होते. तो आकडा दिसेपर्यंत बदलून जाई. हे कळवले असते तर टोकन काढून घेऊन मला तात्पुरत्या कार्यालयात दप्तर लावण्यास बसवले असते. पत्नीची फुप्फुसे निकामी होत चालली होती आणि घरात आम्ही दोघेच होतो. म्हणून मी आपल्या डोळ्यांत धूळ फेकली. मंजुरी देणारे सहकारी, ज्यांना सगळी शाखा मास्तर म्हणते, त्यांचा यात काडीचाही दोष नाही. माझा घसा बसला आहे, असे मी त्यांना सांगितले होते. अकरा महिने घसा बसतो यावर त्यांनी विश्वास ठेवला, हा त्यांचा चांगुलपणा.

४. अकरापैकी एकाही महिन्यात पगार एक दिवसही उशिरा झालेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो. पत्नी उशीला टेकून बसे आणि टोकन दिव्याजवळ धरी. "वाचन पूर्ण" ती कधीच म्हणाली नाही. "झालं मास्तर, आता चहा घ्या," असे म्हणे. हा नियमभंगही माझ्याच नावे लिहावा. शेवटच्या महिन्यात सहा आकडे वाचायला तिला तीनदा थांबावे लागले. मिनिट संपून क्रमांक बदलला, तेव्हा तिने नवा क्रमांक पहिल्यापासून वाचला. चहाचे मात्र विसरली नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

५. आमच्या घरी तिचे फोटो आहेत, आवाज नाही. मोबाइल समोर धरला की ती गप्प होई. मागच्या महिन्यात परगावी असलेल्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज मला आठवेनासा झालाय. तुम्हाला आठवतो ना?" मी हो म्हणालो. ते खोटे होते. महोदया, शब्द सगळे आठवतात, आवाज येत नाही.

६. आपल्या परिपत्रकाच्या शेवटी म्हटले आहे की, घरून कामाच्या काळातील सर्व ध्वनिमुद्रणे ३० सप्टेंबर रोजी कायमची पुसली जातील. मी तांत्रिक शाखेकडे प्रत मागितली. वैयक्तिक कारणासाठी प्रत देता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग मी नियमपुस्तिका दोनदा वाचली, नव्या चष्म्याने. चौकशीतील पुरावा पुसता येत नाही आणि आरोपी कर्मचाऱ्यास पुराव्याची प्रत द्यावी लागते, असे त्यात स्पष्ट आहे.

७. सबब माझ्याविरुद्ध ३० तारखेपूर्वी चौकशी लावावी. आरोप मला मान्य आहेत. परंतु लगेच मान्य केल्यास पुरावा ऐकण्याची गरज उरत नाही, असे मास्तर म्हणतात. तसे असल्यास मी सर्व आरोप नाकारतो आणि अकराही ध्वनिमुद्रणे समितीसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावीत, अशी मागणी करतो. माझ्या निवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत. नोकरी गेली तरी माझी तक्रार राहणार नाही.

८. अखंड कामकाजाच्या आराखड्यात प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर एक पर्यायी माणूस लिहायचा असतो. माझ्या नावासमोरचा रकाना मी तेव्हा कोरा ठेवला होता आणि त्याबद्दल मला समजपत्रही मिळाले. आता तिथे माझ्या पत्नीचे नाव लिहावे. काम तिनेच केले आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ लिपिक, पगार शाखा
कर्मचारी क्रमांक २१७
दिनांक : २४ सप्टेंबर

सोबत :
१. अकरा फोनच्या तारखा व वेळा.
२. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
३. पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
४. कोरा पेन ड्राइव्ह, एक. अकराही न जमल्यास शेवटचा एक फोन तरी द्यावा, ही विनंती.