उसातला बिबट्या आणि माझ्या तीन पद्धती

३ नोव्हेंबर, सोमवार
शेजारच्या जोतिबाचं कुत्रं बिबट्यानं नेलं. आमच्या उसाच्या कडेनंच. लाईट पहाटे येते, त्यामुळे मोटर चालू करायला पहाटेच जावं लागतं. काम माझं. पण मी कॉम्प्युटरवर बिबट्याचा गेम बनवायला घेतलाय. ज्याची भीती वाटते ते स्वतः बनवलं की भीती जाते म्हणे. (मला वाटत नाहीच.) तोवर मोटरीवर बायको जाईल. दीपमालाला माझा मोठा टॉर्च दिला. मन मोठं लागतं.

५ नोव्हेंबर
व्हिज्युअल स्क्रिप्टिंग एकदम सोपं. कोड लिहायचा नाही. स्क्रीनवर डबे मांडायचे, वायरींनी जोडायचे. पद्धत पहिली: अंतर. माणूस जवळ आला की बिबट्या धावणार. स्टार्ट दाबलं. बिबट्या मी गेममधल्या घराच्या दारातच ठेवला होता. खुर्चीवरून पडलो. खुर्ची मुळातच डुगडुगते.
आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी बाहेरून विचारलं, काय पडलं रं? टेस्टिंग, म्हणालो.

८ नोव्हेंबर
पद्धत दुसरी: उसाभोवती न दिसणारी पेटी. आत कुणी शिरलं की बिबट्या त्याच्या मागे. 'कुणी'मध्ये तो स्वतःही आला. दिवसभर स्वतःच्याच मागे गोल फिरत होता. बघून फार बरं वाटलं.
दीपमाला पहाटे जाताना मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावते. झोपमोड होते. गाणी लांब जाऊन ऐकू येईनाशी झाली की जास्तच होते.

१२ नोव्हेंबर
पद्धत तिसरी: नजर. मध्ये ऊस आला तर बिबट्याला माणूस दिसत नाही. म्हणून ऊस दाट लावला. आता मलाही बिबट्या दिसेना. हे जास्त वाईट. भर दुपारी दाराला कडी घातली. माश्या फार येतात.

१४ नोव्हेंबर
जमलं! अंतर आणि नजर एकत्र जोडली. दीपमालाला दाखवलं. ती म्हणाली, आवं, ह्यो गडी घरातनं निघून घरातच येतोय, मग मोटर कोण चालू करतंय? टेक्निकल गोष्टी तिला कळत नाहीत.
गाण्यांचं विचारलं. म्हणाली, लय भ्या वाटतं, म्हणून लावते.
उद्यापासून मी जाणार. पक्कं.

१५ नोव्हेंबर, पहाट
पाय दुखतोय. मोटरीवर तीच गेली.
गेममध्ये मोटर टाकली. टॉर्च घेतलेली एक बाई टाकली. स्टार्ट. बाई बांधावरून निघाली. बिबट्यानं मान वळवली. वायर काढायला गेलो तर कुठली काढायची तेच कळेना. बाहेर कान दिला. गाणी बंद.

त्याच दिवशी, सकाळी
अनवाणी पळालो. व्यायाम हवाच. उसाजवळ ती परत येताना भेटली. मोबाईलची बॅटरी संपली होती, एवढंच. अंधारात मला बघून ती किंचाळली, मग मी. तिनं विचारलं, आवं, चपला कुटं हायत?
येताना तिला आधार हवा म्हणून तिचा हात घट्ट धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.
उसाच्या बाजूनं मात्र तीच चालत होती.