हार्ड डिस्कवरची विभूती

अप्पा, आज मी तुमच्यावर लई चिडलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं चिडणं, असं म्हणाल. पण तुमच्या कॉम्प्युटरपुढं बसलं की कुणाचंही डोकं फिरेल. बटण दाबावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून यावं, तरी पडद्यावर चाक फिरतंच आहे. तुमचा लेक अण्णा म्हणाला, "भंगारात घाल, नवा आणतो." अव्वा उठून आत गेली. तिला रोज सकाळी तुमचे फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर बघायचे असतात. म्हणून मी हट्टानं बसवकल्याणहून एसएसडी आणली. जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं हिच्यात उतरवलं की यंत्र पळायला लागतं, असं दुकानदार म्हणाला होता. त्याचं काय जातंय म्हणायला!

कॉपी लावली की अर्ध्यातच अडकायची. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कॉम्प्युटरचा डबा तव्यासारखा तापलेला. वैतागून झाकण काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पंख्याच्या पात्यांत, तारांच्या सांदीत, हार्ड डिस्कवर पांढरी भुकटी. विभूती! खंडेनवमीला सगळं गाव गाड्यांना, वजनकाट्यांना, पाण्याच्या मोटारींना बाहेरून विभूती लावतंय, आणि तुम्ही मात्र स्क्रू काढून बसलेले. मी एकदा म्हणालेसुद्धा, "अप्पा, आत कामून लावायलाव? बिघडंल की." तुम्ही खेकसलात, "राबायलाय आतला, आन मान डब्याला व्हय? गप बस." आणि हार्ड डिस्कवर तीन बोटं ओढलीत. दरसाल त्याच्यावर नवा थर.

मग काय, डबा अंगणात नेला, सायकलच्या पंपानं हवा मारली, डिस्क फडक्यानं पुसून फडकं तिथंच झटकलं. तोंडाचा पट्टा चालूच होता, सगळा तुमच्या नावानं. त्यानंतर मात्र कॉपी पुरी झाली. एसएसडी केवढीशी, जुन्या जागेत बसेना, चिकटपट्टीनं चिकटवली. बटण दाबलं, आणि अव्वानं चहाचं आधण ठेवायच्या आत तुमचा फोटो पडद्यावर.

वाटलं, अव्वा खूश होईल. ती म्हणाली, "बिगी आलं की." मग काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कवर हात फिरवत विचारलं, "ह्याच्यावरची इभूत कुठाय?"

"पुसली. अंगणात उडाली."

"त्यांच्या बोटाची व्हती की गं. पायात ईल आता."

मी ओरडले, अप्पा, तिच्यावर. "मग कॉम्प्युटर वाचवू का इभूत?" मघापासून ती तिच्या कामात आहे आणि मीच धुमसतेय. आधी सांगायचं ना मला कुणीतरी! वाचवायचं काय होतं ते!

हे तुमच्याच कॉम्प्युटरवर टाईप करतेय. भराभर उमटतंय सगळं. पाठवायचं कुठं, म्हणून इथंच ठेवते.

संध्याकाळच्या झाडलोटीला येणाऱ्या अक्का आत्ता झाडू घेऊन अंगणात उतरल्या होत्या. आज राहू द्या म्हणाले. उद्याही तेच सांगणार आहे. अव्वाला बोलले नाही, पण अंगणातून जाताना मीसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं चालतेय.