लार्कमीडचं एक मत

४ सप्टेंबर
लार्कमीडचा महापौर या नात्याने काही नोंदी ठेवाव्यात, असं ठरवलं. कुणाला दाखवायला नाही.
आमची कारकून जॉयस म्हणाली, काही गावकऱ्यांनी सह्यांचा अर्ज दिलाय: गाव बरखास्त करा, शेजारच्या ग्रामीण मंडळात विलीन करा. ऑक्टोबरात मतदान. मी हसलो. आमच्या सस्कॅचेवान प्रांतातली गावं मरतात ती महापौर झोपा काढतात म्हणून. मी झोपत नाही. (दुपारची गोष्ट वेगळी.)

१० सप्टेंबर
सह्या कुणाच्या ते जॉयस सांगत नाही. कायद्यात बसत नाही म्हणे. सांगायची गरजही नाही. बाहेरून आलेल्यांचं काम. शेजारच्या केल्बी गावाहून येऊन आठ वर्षं झाली तरी माणूस केल्बीचाच राहतो.

१९ सप्टेंबर
घरोघर प्रचार. सगळीकडे कॉफी, दोन घरी बेरीची गोड पेस्ट्री. एकानेही वाद घातला नाही, म्हणजे सगळे आपलेच. वॉली फ्रीसन माझा जुना मित्र, तरुणपणापासून एका टीममध्ये बर्फावरचं कर्लिंग खेळतोय आम्ही. तो म्हणाला, "ओरेस्ट, तुझ्यासारखा महापौर या गावाला पुन्हा मिळायचा नाही." भरून आलं.

२ ऑक्टोबर
पाण्याचा पंप परत बंद. पाणी उकळून प्या, अशी पाटी परत लावली. खरं तर जुनी काढलीच नव्हती.
बायको म्हणाली, नातू रांगत होता तेव्हापासून पाणी उकळतेय, आता तो गाडी चालवतो. मी म्हणालो, उकळलेलं पाणी प्रकृतीला चांगलं. मर्लीनला मोठं चित्र दिसत नाही.

१३ ऑक्टोबर
थँक्सगिव्हिंगचं गावजेवण. टर्की कापायच्या आधी मी दोन शब्द बोललो. आजोबा युक्रेनहून आले, मातीच्या ढेकळांचं घर बांधलं, पहिल्या हिवाळ्यात बैल गेला, तरी गाव सोडलं नाही. वॉलीच्या डोळ्यांत पाणी. मर्लीन म्हणते, जांभई होती.
टर्की गार झाली.

२७ ऑक्टोबर, सकाळ
मतदान. पहिलं मत माझं. संध्याकाळी विजयाची पार्टी. मर्लीन म्हणाली, हात दुखतोय, बटाटा भरलेले पेरोगी लाटणार नाही. फ्रीझरमधले काढून ठेवले.

संध्याकाळ
विलीन करा: एकतीस. करू नका: एक.
जॉयसने विचारलं, परत मोजू का. मी हो म्हणालो. परत एकच.
पेरोगी एकट्याने खाल्ले.

२८ ऑक्टोबर
पेट्रोल पंपावर कॉफीला गेलो. न जाणं म्हणजे हरलो असं दिसलं असतं. वॉली शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला.
"मनाला लावून घेऊ नकोस लेका," म्हणाला. "ते एक मत माझं होतं."
मी त्याचा हात दाबला. गाडीत बसल्यावर विचार आला, मग माझं कुठे गेलं?
पोस्टातली बाई तिकिटं देता देता हळूच म्हणाली, ते एक मत तिचं. रस्त्यात शेजारच्या हॅरॉल्डने ट्रक थांबवून काच खाली केली. त्याचंही तेच. दुपारी जॉयससुद्धा. आणि जॉयसने तर स्वतः मोजलं होतं.
सगळे डोळ्याला डोळा भिडवून बोलले.
घरी आलो. मर्लीन बटाटे सोलत होती. तिला म्हणालो, वॉलीसुद्धा उलटला. या गावात आता आपण दोघंच उरलो. म्हणता म्हणता जीभ अडखळली. दोघं असतो तर दोन मतं पडली असती.
तिने मान वर केली नाही. "मी विलीन करा म्हणाले, ओरेस्ट."
का, विचारलं.
"थंडीत पहाटे तू त्या खटाऱ्यावर चढतोस गावचा बर्फ काढायला. तुझं वय काय, ट्रॅक्टरचं वय काय. इंजिनाचा आवाज येतोय ना, हे ऐकत पडून राहते मी. थांबला की काळजात धस्स होतं. एक दिवस पडलास तर गाव नाही येणार उचलायला."
मी म्हणालो, निदान खोटं तरी बोलायचंस. सगळं गाव बोललं.
"त्यांना कुठे तुझ्याबरोबर एका घरात राहायचंय," ती म्हणाली.

२९ ऑक्टोबर
निश्चय: मर्लीनशी बोलायचं नाही. वॉलीशी जन्मात नाही.
जेवायला काय, एवढं विचारलं. ते बोलण्यात धरत नाही.

९ जानेवारी
एक तारखेपासून आम्ही मंडळात. आज पहिला मोठा बर्फ. सवयीने पहाटे बूट चढवले, ट्रॅक्टर रस्त्यावर काढला. मंडळ कुठलं येतंय.
आलं. दिवे लावलेला, बर्फ ढकलायचा भलामोठा ट्रक. चालवणारी पोरगी खाली वाकून अदबीने म्हणाली, "काका, हे जरा बाजूला घेता? आड येतंय."
घेतलं. अख्खं गाव तिने एका दमात, कडेपर्यंत साफ केलं. डांबर दिसत होतं. माझ्या कारकिर्दीत हिवाळ्यात डांबर दिसलेलं आठवत नाही.
घरी आलो तर मर्लीन गाढ झोपलेली, तोंड उघडं, घोरत होती. उजाडलं तरी उठली नाही.
बूट हातात घेऊन आत आलो. कॉफी ठेवली. पाणी आधी उकळून घेतलं.