शेजारणीच्या हृदयातली फुसफुस

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

माझा खोकला पळाला, काळजी नसावी. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे दवाखान्यात रोज सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींना घेऊन येतात आणि सगळी वरात थेट शेजारणीच्या खाटेशी! का, तर तिच्या हृदयात फुसफुस आवाज येतो म्हणे. एकेक जण नळी लावून ऐकतो आणि मान डोलावतो. बया नव्या नवरीसारखी मिरवते. माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही. नुसता जळफळाट होतो गं!

आज मात्र डॉक्टर म्हणाले, "आधी या आजींचं ऐका." सगळ्यांनी नळ्या लावल्या. मी काय हरखले म्हणून सांगू! मग ते हळूच म्हणाले, "हे निरोगी हृदय. आता पलीकडचं ऐका, म्हणजे बिघाड कळेल."

वरात गेल्यावर शेजारणीने माझा हात धरला. तिचा हात गारठलेला. परवा तिचं ऑपरेशन आहे. म्हणाली, "तुझ्यात काय गं सापडलं?"

तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "तुझ्यासारखीच फुसफुस! दोघी एकाच माळेचे मणी."

हसली बिचारी.

नातवंडांना पापा. आणि माझ्यासाठी देवाला घातलेलं साकडं आता तिच्या नावावर कर.

तुझी,
जळकुटी थोरली