आईच्या वाटचे दशहरी

महानगर, लखनऊ
१० जून २०२४

ती. सुजयदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं भांडणावरच जातं, म्हणून लिहितेय. आई दोन घासही जेवत नाही, पण मधूच्या हातचा आंबा मागते, असं नीलमवहिनीने कळवलं. मला हसू आलं आणि रडूही. लेक वीस वर्षं लॅबमध्ये आंबे चिरते आणि आईला कधी एक फोड नाही, हा तिचा टोमणा मी दर दिवाळीला खाल्लाय!

तर परवा मलिहाबादच्या बागेत जाऊन स्वतः चाळीस दशहरी आंबे उतरवून घेतले, देठासकट, हिरवेगार. तुम्ही हापूसवाले नाकं मुरडणार, मुरडा खुशाल. फळ झाडावरून उतरलं तरी श्वास घेत असतं. त्या श्वासात आतलं आम्ल हळूहळू खर्ची पडतं, तेव्हा कुठे आंबा गोड लागतो. फार भराभर संपलं तर तो टिकत नाही. माझी सगळी नोकरी एवढ्याशा गोष्टीवर चाललीय.

तू लगेच ये म्हणतोस. माझ्या प्रयोगाचं शेवटचं रीडिंग सोळाला आहे. ते झालं की पेटी घेऊन मीच येते. तोवर आईला बाजारचा आंबा देऊ नका. लोभ आहेच, माझ्या उशिरापायी तो आटवू नकोस.

तुझी,
मधू

मिरज
१२ जुलै २०२४

चि. मधूस,
आशीर्वाद.

आईच्या तेराव्याला चार माणसांसमोर तू नीलमला बोललीस, की तिने आंबे फ्रिजमध्ये कोंबले म्हणून ते पिकले नाहीत. त्या दिवसापासून ती धड जेवत नाही. तेव्हा गप्प बसलो, आता लिहितो.

तुझं रीडिंग लांबलं, तू आली नाहीस, वीस जूनला कुरिअरने नुसती पेटी आली. तुझ्या चिठ्ठीबरहुकूम मी आंबे पेंढ्यात घालून आईच्या पलंगाखाली ठेवले. ती रोज एक मागून घ्यायची, हुंगायची आणि परत द्यायची. नीलमने पेटीला हातही लावला नाही. तिला वेळ तरी कुठे होता? आईचं न्हाणं, कपडे, औषधं सगळं तिच्याच गळ्यात होतं.

सहाव्या दिवशी साल पिवळी दिसली म्हणून आंबा कापला. आईने फोड तोंडात घातली आणि डोळे गच्च मिटले, इतकी आंबट! दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. चूक कोणाची ते तूच शोध, शास्त्रज्ञ तू आहेस. लोभाचं मग बघू.

सुजय

महानगर, लखनऊ
२४ जुलै २०२४

ती. दादा आणि वहिनीस,
सा. न. वहिनी, तुझे पाय धरते.

शोधायचं काही नव्हतं. आंबे उतरवले त्याच दिवशी मी ते लॅबच्या शीतखोलीत ठेवले होते. नऊ दिवस. कच्च्या आंब्याला तेवढी थंडी बाधते. मग बाहेर काढला तर साल रंग धरते, पण आतलं आम्ल तसंच राहतं. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते, दादा! बाहेर ठेवले असते तर ते पिकू लागले असते आणि मला रीडिंग टाकून निघावं लागलं असतं. म्हणून त्यांना थांबवलं. नऊ दिवसांनी काय होतंय, म्हटलं.

पेटीत न मावलेले चार इथेच पिकत घातले होते. आई गेल्याचा तुझा फोन आला त्या सकाळी मी त्यातला एक कापला होता. दात आंबले. म्हणजे तेराव्याला वहिनीला बोलले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. कोणी मला विचारायच्या आत मी तिच्यावर ढकललं. लोभ मागायला तोंड नाही.

मधू

मिरज
२ ऑगस्ट २०२४

चि. मधूस,
आशीर्वाद.

नीलमने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून फळीवर ठेवलं. उत्तर देणार नाही म्हणाली. मीही तिला आग्रह करणार नाही.

पण दडवलं मीही आहे. ती फोड आईने थुंकली नाही. चावून गिळली, वर घोटभर पाणी प्यायली. मग मला बजावलं, की मधूला कळव, आंबा साखरेसारखा गोड निघाला, आता पुन्हा टोमणा मारणार नाही. मी हो म्हटलं आणि तुझ्यावरच्या रागाने एवढे दिवस कळवलं नाही. आज कळवतो.

तुझा,
दादा